वाचनालयाची देवघेव जँगोवर आणताना: कामाच्या नोंदी

आमच्या तालुक्याच्या गावातलं सार्वजनिक वाचनालय. पुस्तकं अकरा हजारांच्या आसपास, सभासद साडेसहाशे, सगळी देवघेव लांबलचक रजिस्टरात. दिवाळी अंकांची योजना सुरू झाली की काउंटरवर रांग लागते आणि ग्रंथपाल बाई एकट्या पडतात. यंदा त्याआधी हे काम संगणकावर, जँगोवर (पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतला वेब ॲप बांधायचा तयार साचा) आणायचं ठरलं आणि मी ते अंगावर घेतलं. मला पायथन येतं, पण नोकरीत एक्सेलच्या फायली जुळवण्यापुरतं. वेबचं काम कधी केलं नव्हतं. दुसऱ्या एखाद्या वाचनालयात कुणी हेच करायला बसलं, तर माझे जे दिवस गेले ते त्याचे जाऊ नयेत म्हणून या नोंदी.

३ ऑगस्ट २०२५, रविवार

जँगो ५.२ घेतलं. ही दीर्घ मुदतीची आवृत्ती आहे, एप्रिल २०२८ पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतील. वाचनालयात दर आठ महिन्यांनी आवृत्ती बदलायला कुणी बसणार नाही, म्हणून हीच. आधी व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (या कामापुरती वेगळी ठेवलेली पायथनची जागा), मग जँगो, मग प्रोजेक्ट, मग ॲप. डेटाबेस जो आपोआप मिळतो तोच, एसक्यूलाइट.

तीन मॉडेलं, म्हणजे डेटाबेसातल्या तक्त्यांची वर्णनं, लिहिली: पुस्तक, सभासद, देवघेव. मेकमायग्रेशन्स आणि मायग्रेट या आज्ञांनी त्यांचे तक्ते डेटाबेसात केले (या बदलांच्या फायली म्हणजे मायग्रेशन), मग सुपरयुजर, म्हणजे सगळे अधिकार असलेलं खातं. ॲडमिनमध्ये, म्हणजे नोंदी भरायच्या जँगोच्या तयार पडद्यांमध्ये, तिन्ही नोंदवली आणि चार तासांत पुस्तक भरायचा, शोधायचा, बदलायचा पडदा समोर आला. जँगो २००३ साली अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात लॉरेन्स गावच्या एका वृत्तपत्राच्या कचेरीत जन्मलं. माहिती भरणारी माणसं पत्रकार, प्रोग्रॅमर नव्हेत. ॲडमिन इतकं तयार का मिळतं ते त्यावरून कळतं, आणि आमच्या बाईंना नेमकं तेच हवं होतं.

दोन बारीक गोष्टी. मॉडेलात स्वतःचं नाव सांगणारी स्ट्र पद्धत लिहिली नाही तर यादीत सगळीकडे ‘बुक ऑब्जेक्ट’ आणि आकडा दिसतो. आणि व्हर्बोज नेम, म्हणजे पडद्यावर दिसणारं मॉडेलाचं नाव, मराठीत दिलं पण अनेकवचन दिलं नाही, तर जँगो स्वतःच शेवटी इंग्रजी एस चिकटवतं. ‘पुस्तक’च्या शेपटीला एस लागलेला बाईंनी पाहिला आणि विचारलं, “हे काय झालंय?” व्हर्बोज नेम प्लुरल पहिल्या दिवशीच द्या.

१० ऑगस्ट, रविवार

मागच्या रविवारचं अर्धं काम मोडलं. मी एका पुस्तकाला एक नोंद धरली होती आणि तिच्यात ‘बाहेर आहे’ अशी टिकची चौकट. बाईंना दाखवायला गेलो तर त्या म्हणाल्या, “या कादंबरीच्या आपल्याकडे चार प्रती आहेत. त्यातली कुठली गेली?”

दाखल नोंदवहीत हे उत्तर कधीपासून आहे. प्रत्येक प्रतीला वेगळा दाखल क्रमांक असतो. सभासदाच्या हातात प्रत जाते, पुस्तक जात नाही. आता मॉडेलं अशी: ग्रंथ (नाव, लेखक, प्रकार), प्रत (दाखल क्रमांक, किंमत, ग्रंथाशी नातं), सभासद, देवघेव. देवघेवीचं नातं प्रतीशी.

‘बाहेर आहे’ ही चौकटही काढली. परतीची तारीख कोरी असलेली देवघेव सापडली की प्रत बाहेर आहे. तीच गोष्ट दोन ठिकाणी लिहिली की एक दिवस दोन्हीकडे वेगवेगळं लिहिलं जातंच.

डेटा अजून काहीच नव्हता, म्हणून मायग्रेशनच्या फायली आणि डेटाबेस पुसून पहिल्यापासून सुरुवात केली. हे फक्त याच टप्प्यावर करता येतं. एकदा खरी नोंद पडली की मायग्रेशनच्या फायली पुसायच्या नाहीत.

सुरुवात करणाऱ्याला एवढं नक्की सांगेन: मॉडेल लिहिण्याआधी एक अख्खा दिवस रजिस्टरासमोर बसा. कुठला रकाना का आहे ते विचारा.

१५ ते १७ ऑगस्ट

तीन दिवस सुट्टी होती, ती सगळी जुनी यादी आत घेण्यात गेली. अकरा तास.

बाईंनी काही वर्षांपूर्वी ४,८१२ पुस्तकांची यादी एक्सेलमध्ये टंकून ठेवली होती. त्यांच्याकडे उघडली तर मराठी व्यवस्थित दिसते. माझ्या लॅपटॉपवर ती ज्यात टंकली तो फॉन्ट नव्हता, तिथे इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा कचरा. यादी युनिकोडच्या (प्रत्येक लिपीच्या अक्षरांना ठरलेले क्रमांक देणारी पद्धत) आधीच्या फॉन्टात होती, म्हणजे आत साठवलेली अक्षरं इंग्रजीच, वर मराठीचा मुखवटा. रूपांतर करून घेतलं. नव्वद टक्के ठीक आलं. उरलेल्यात ऱ्हस्व वेलांटी एक अक्षर पुढे सरकलेली, रफार भलत्याच अक्षरावर, ‘श्र’ तुटलेला. ती ५३० नावं मी आणि बाईंच्या मुलीने मिळून हाताने तपासली. याला जवळची वाट मिळाली नाही.

उलट दिशेला वेगळी अडचण. आपल्याकडून काढलेली सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये थेट उघडली की मराठीचा भुगा होतो. लिहिताना एन्कोडिंग साधं ‘यूटीएफ-८’ न देता ‘यूटीएफ-८-सिग’ दिलं की एक्सेलला कळतं. एका शब्दाची दुरुस्ती, पण दीड तास गेला, कारण मी चूक डेटाबेसात शोधत होतो.

ग्रंथाच्या पानाच्या पत्त्यात नाव यावं म्हणून स्लग, म्हणजे नावावरून केलेलं पत्त्यात चालणारं रूप, वापरून पाहिला. जँगोचं स्लगिफाय देवनागरी नावाला कोरी ओळ परत देतं. त्याला युनिकोड चालेल असं सांगितलं तर ‘पुस्तक’चं ‘पसतक’ होतं: उकार गेला, हलन्त गेला. पायथन मात्रांना आणि वेलांट्यांना अक्षर धरत नाही आणि स्लगिफाय त्यांना गाळून टाकतं. सोडून दिलं. पत्त्यात नुसता क्रमांक ठेवला. वाचनालयाच्या आतल्या कामाला तेवढा पुरतो.

२४ ऑगस्ट, रविवार

आज शोध. सगळ्यात जास्त शिकलो ते आज.

ॲडमिनला सर्च फील्ड्स सांगितलं की वर शोधाची चौकट येते. बाईंनी ‘दऱ्याखोऱ्या’ टंकलं. काही नाही. नाव यादीत आहे, डोळ्यांना दिसतंय, शोधात येत नाही. मी त्या नावातून तो शब्द उचलून चौकटीत चिकटवला, तर आला.

दोन्ही शब्द पायथनमध्ये एकेक अक्षर सुटं करून छापले तेव्हा उलगडा झाला. ‘ऱ्य’ दोन रीतींनी लिहिता येतो. एक, ऱ हे स्वतंत्र अक्षर, मग हलन्त, मग य. दुसरी, साधा र, हलन्त, एक न दिसणारं, जोडणारं चिन्ह (झेडडब्ल्यूजे), मग य. पडद्यावर दोन्ही हुबेहूब. रूपांतर केलेल्या यादीत दुसरी रीत होती, बाईंच्या कीबोर्डवरून पहिली येत होती. ‘ॲ’चंही तेच. एक अख्खं अक्षर आहे आणि एक अ-वर चंद्र देऊन केलेलं. मला वाटलं युनिकोडचं एनएफसी प्रमाणीकरण (एकाच अक्षराची वेगवेगळी लेखनं एका रूपात आणणारं) केलं की मिटेल. या दोन्ही जागी त्याचा उपयोग होत नाही, कारण युनिकोडच्या हिशोबाने या जोड्या समान नाहीतच.

म्हणून ग्रंथात आणखी एक रकाना केला, ‘शोधरूप’. नाव आणि लेखक एकत्र करून त्यात वरच्या दोन्ही जोड्या एका रूपात आणायच्या, न दिसणारी अक्षरं काढायची, दुहेरी जागा एक करायची. शोधाचा शब्दही त्याच फंक्शनमधून काढायचा आणि शोधरूपात पाहायचा. हे मॉडेलच्या सेव्हमध्ये, म्हणजे नोंद साठवताना चालणाऱ्या पद्धतीत, लिहिलं. नवीन ग्रंथ भरून पाहिला, सापडला. जुने मात्र एकही सापडेनात.

पुन्हा दोन तास. जुनी यादी मी बल्क क्रिएटने (अनेक नोंदी एकदम घालणारी आज्ञा) आत घेतली होती आणि बल्क क्रिएट सेव्हला बोलावत नाही. सगळ्या जुन्या ग्रंथांचं शोधरूप कोरं होतं. क्वेरीसेटचं (नोंदींच्या संचाचं) अपडेटही सेव्हला असंच बगल देतं. एक छोटी मॅनेजमेंट कमांड लिहून सगळ्यांवरून सेव्ह फिरवलं. आता बाई ‘दऱ्या’ एवढंच टंकतात आणि तिन्ही पुस्तकं येतात.

ग्रंथनावांमध्ये ‘ऱ्य’ किती येतो हे मी कधी मोजलं नव्हतं. वाऱ्यावर, सुऱ्या, पायऱ्या, किनाऱ्यावर: मराठी पुस्तकांची नावं त्याने भरलेली आहेत. मराठीत कुठलंही ॲप करणाऱ्याने हा रकाना पहिल्या आठवड्यात करावा.

७ सप्टेंबर, रविवार

मधले दोन आठवडे गणपती. काल विसर्जन झालं, आज वाचनालयात बसवणी.

तिथला जुना डेस्कटॉप, ४ जीबी रॅम. जुनी हार्डडिस्क काढून २४० जीबीची एसएसडी घातली, १,६५० रुपये. उबुंटू ही लिनक्स प्रणाली टाकली. काउंटरवर हे मशीन, बालविभागातल्या टेबलावर दुसरं, दोन्ही एकाच वायफायवर.

दुसऱ्या टेबलावरून पान उघडेना. रनसर्व्हर (जँगोचा सरावापुरता सर्व्हर) आपण होऊन फक्त त्याच मशीनला उत्तर देतो, शेवटी ०.०.०.०:८००० द्यावं लागतं. मग ‘डिसअलाउड होस्ट’ ही चूक आली, अलाउड होस्ट्स या चालणाऱ्या पत्त्यांच्या यादीत मशीनचा पत्ता घातला. तो पत्ता राउटर बंद-चालू झाल्यावर बदलू नये म्हणून राउटरमध्ये जाऊन या मशीनला कायमचा करून घेतला.

बाईंना आणि चिटणीस काकांना स्पष्ट सांगितलं: रजिस्टर बंद करायचं नाही. दोन्हीकडे लिहायचं.

११ सप्टेंबर, गुरुवार

संध्याकाळी बाईंचा फोन. “अहो, सोमवारपासून जेवढी पुस्तकं दिली त्या सगळ्यांवर सात तारीख पडतेय.”

देवघेवीच्या दिनांकाला मी आपोआप आजची तारीख पडावी म्हणून डिफॉल्ट दिला होता, ‘टाइमझोन डॉट लोकलडेट’, आणि पुढे कंस घातले होते. कंस घातले की फंक्शन तिथेच चालतं, प्रोग्रॅम सुरू होताना एकदा, आणि ती तारीख गोठून बसते. कंस काढले की प्रत्येक नोंदीच्या वेळी विचारलं जातं.

घरी हे दिसलं का नाही? घरी मी दिवसातून वीस वेळा कोड बदलतो आणि दर वेळी रनसर्व्हर आपोआप नव्याने सुरू होतो, म्हणून तारीख ताजीच दिसायची. वाचनालयात तो चार दिवस अखंड चालू होता. जँगोने सुरू होताना या ओळीबद्दल पिवळ्या अक्षरांत इशाराही दिला होता, तो मी वाचला नव्हता. ८ ते ११ तारखेच्या ६८ नोंदी रजिस्टर समोर ठेवून सुधारल्या.

त्याच बैठकीत टाइम झोन ‘एशिया/कोलकाता’ केला. तो यूटीसीच (ग्रिनिचची वेळ) राहिला होता, त्यामुळे नोंद केल्याची वेळ साडेपाच तास मागे दिसायची. सकाळी आठला दिलेलं पुस्तक रात्री अडीचला दिल्यासारखं.

ऑटो नाऊ ॲड वापरायचा मोह टाळा. त्याने तारीख पडते पण फॉर्मवर बदलता येत नाही. आमच्याकडे वीज जाते, तेव्हा कागदावर लिहून दुसऱ्या दिवशी मागच्या तारखेने भरावं लागतं.

१४ सप्टेंबर, रविवार

आजची चूक सगळ्यात मोठी.

एक सभासद दोनदा भरला गेला होता. मी ॲडमिनमधून एक नोंद काढली. नको ती काढली. तिच्याबरोबर त्या कुटुंबाच्या ३७ देवघेवी गेल्या. मॉडेल लिहिताना ऑन डिलीटसमोर सगळीकडे कॅस्केड लिहिलं होतं, कारण उदाहरणांमध्ये तेच असतं. कॅस्केड म्हणजे मूळ नोंद गेली की तिला धरून असलेली प्रत्येक नोंद जाणार. पुसण्याआधी ॲडमिन काय काय जाईल त्याची पूर्ण यादी दाखवतं. मी न वाचता ‘होय’ दाबलं.

रजिस्टर चालू होतं म्हणून ३७ च्या ३७ परत भरता आल्या. तीन तास लागले, बाई सांगत होत्या आणि मी भरत होतो.

आता देवघेवीतून सभासदाकडे आणि प्रतीकडे जाणाऱ्या नात्यांवर प्रोटेक्ट आहे. देवघेव असलेला सभासद पुसताच येत नाही. वर्गणी थांबलेल्यांसाठी ‘सभासदत्व बंद’ ही चौकट केली. गहाळ प्रतीसाठीही तसंच, नोंद ठेवायची आणि शेरा मारायचा. दाखल नोंदवहीत तरी ओळ कोण खोडतं? लाल शाईने शेराच मारतात.

२१ सप्टेंबर, रविवार

एकच प्रत एका वेळी दोघांकडे असू शकत नाही, ही अट डेटाबेसातच घातली. युनिक कन्स्ट्रेंट प्रतीवर, आणि पुढे अट की परतीची तारीख कोरी असेल तरच. मायग्रेट केलं तर इंटिग्रिटी एररने अडलं. सहा प्रती आधीच दोन-दोन नावांवर बाहेर होत्या.

त्या सहा क्रमांकांची चिठ्ठी घेऊन बाई कपाटांकडे गेल्या. चार प्रती जागेवर सापडल्या, परत आल्याची नोंद राहिली होती. एक खरोखर बाहेर होती. सहावीचा दाखल क्रमांक भरताना शेवटचे दोन अंक उलटे पडले होते. सहाही दुरुस्त झाल्यावर मायग्रेशन गेलं.

हीच तपासणी मी फक्त फॉर्ममध्ये लिहिली असती तर या सहा कधी कळल्या नसत्या.

२ ऑक्टोबर, दसरा

आजवर डीबग (चुकीचा आतला तपशील पानावर दाखवणारी सोय) चालू ठेवूनच काम चाललं होतं. परवा बालविभागात एका मुलाने पत्ता चुकीचा टंकला आणि जँगोचं चूक दाखवणारं पान आलं, त्यावर आतल्या सगळ्या पत्त्यांची यादी. वायफायवर कुणीही बघू शकेल असं हे राहता कामा नये.

डीबग बंद केलं. लगेच ॲडमिन रंगहीन, उघडंवाघडं. डीबग बंद असताना रनसर्व्हर स्टॅटिक (रंगरूपाच्या) फायली देत नाही. स्टॅटिक रूट (त्या फायलींची जागा) ठरवलं, कलेक्टस्टॅटिकने त्या तिथे गोळा केल्या, त्या देणारं व्हाइटनॉइज बसवलं. त्याची ओळ सेटिंग्जमधल्या मिडलवेअरच्या यादीत सिक्युरिटी मिडलवेअरच्या लगेच खाली हवी. रनसर्व्हरच्या जागी गुनिकॉर्न हा रोजच्या वापराचा सर्व्हर, आणि तो सिस्टिमडीची (मशीन सुरू होताच आपोआप चालू होणारी) सेवा म्हणून लावला, म्हणजे वीज येऊन मशीन सुरू झालं की बाईंना काही टंकावं लागत नाही. मुख्य स्विच तीनदा बंद-चालू करून पाहिलं. शिवाय यूपीएस, ३,१०० रुपये.

यात सहा तास गेले. पूजा बाईंनी केली, आपट्याची पानं कीबोर्डवर ठेवली.

५ ऑक्टोबर, रविवार

बारकोड स्कॅनर, १,४०० रुपये. स्टिकरचे कागद ७२०. स्कॅनर संगणकाला कीबोर्डच वाटतो: अंक टंकतो आणि शेवटी एंटर दाबतो. त्या एंटरने फॉर्म अर्धाच जायचा, सभासद भरला की प्रतीची चौकट कोरी असतानाच. पडदा बदलला. पहिल्या पानावर एकच चौकट, सभासदाचं कार्ड. ते वाचलं की त्याचं पान उघडतं आणि कर्सर आपोआप प्रतीच्या चौकटीत.

मग एक विचित्र प्रकार: काही पुस्तकं सापडायची, काही नाही. सकाळी सापडलेलं तेच दुपारी नाही. स्कॅनर हा कीबोर्ड असल्यामुळे त्या क्षणी जी भाषा निवडलेली असेल तिच्यातून त्याचे अंक जातात. बाईंनी नुकतंच मराठीत नाव टंकलेलं असेल तर १२४७ हे देवनागरीत पडायचं, आणि दाखल क्रमांक मी मजकूर म्हणून ठेवला होता. मजकुराला दोन लिप्यांतले अंक वेगळेच. पायथनचं इंट मात्र देवनागरी अंक सरळ वाचतं. दाखल क्रमांक पूर्णांकाचा रकाना केला, प्रश्न संपला.

१२ ऑक्टोबर, रविवार

छापील यादी काढली तर चिटणीस काकांनी पहिल्या नजरेत धरलं: क्षने सुरू होणारी नावं क मध्ये, ळ-चे शब्द ल-च्या मागोमाग. एसक्यूलाइट युनिकोडच्या क्रमाने लावतं, आपली बाराखडी त्याला ठाऊक नाही. शोधरूपासारखाच ‘क्रमरूप’ रकाना केला. त्यात ळ, क्ष, ज्ञ ह-च्या पुढे जातील अशा चिन्हांनी बदलले. यादी काकांना हवी तशी आली.

बॅकअप: चालू डेटाबेसची फाइल नुसती कॉपी करू नये, लिहिणं चालू असेल तर अर्धवट प्रत मिळू शकते. एसक्यूलाइटची स्वतःची बॅकअप आज्ञा रोज रात्री क्रॉनने (ठरल्या वेळी आज्ञा चालवणारी सोय) चालते. रविवारी एक प्रत पेनड्राइव्हवर काकांच्या घरी. आज त्यातली एक प्रत माझ्या लॅपटॉपवर उघडून, सभासद मोजून पाहिले. न उघडलेल्या बॅकअपवर माझा विश्वास नाही.

१९ ऑक्टोबर, रविवार

अंक आले. पुस्तकाला पंधरा दिवस, दिवाळी अंकाला चार. ‘पंधरा’ हा आकडा मी कोडमध्ये तीन ठिकाणी लिहून ठेवला होता. तो प्रकाराच्या मॉडेलमध्ये ‘मुदत’ म्हणून हलवला. मायग्रेशनने विचारलं, जुन्या नोंदींना काय घालू? पंधरा सांगितलं. मग बाईंनीच ॲडमिनमधून दिवाळी अंकांसमोर चार घातलं, मला हात लावावा लागला नाही.

संध्याकाळी दोन तासांत ११२ अंक दिले. रांग दारापर्यंत गेली नाही.

२६ ऑक्टोबर, रविवार

हिशोब: एसएसडी, यूपीएस, स्कॅनर, स्टिकर आणि ४५० रुपयांची वायर धरून ७,३२० रुपये. माझे ६२ तास. त्यातले २४ जुनी यादी, शोध आणि क्रम यांत, म्हणजे मराठी मजकुरात. ॲडमिनचा पहिला पडदा चार तासांत झाला होता.

अजून ६,००० च्या वर पुस्तकं दाखल नोंदवहीतून भरायची आहेत. बाईंची मुलगी रोज चाळीस भरते. मुदत उलटलेल्यांची यादी आहे, निरोप अजून फोनवरूनच जातात. रजिस्टर डिसेंबरअखेरपर्यंत चालू ठेवायचं ठरलंय. काल वीज गेली तेव्हा बाईंनी नऊ नोंदी त्यातच केल्या आणि आज सकाळी मागच्या तारखेने भरल्या.